फोटो लावू की वाक्यं? पाचवीच्या वर्गातला बालहक्कांचा तास

पाचवीच्या_बाई · ८ नोव्हेंबर, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी,

मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. पूर्व उपनगर, सकाळचं अधिवेशन, पाचवी, पटावर ३४ मुलं. २० नोव्हेंबरला पालकांना वर्गात बोलवायचं आहे. १९८९ साली त्याच तारखेला संयुक्त राष्ट्रांनी बालहक्कांची संहिता मंजूर केली होती, म्हणून तो दिवस धरला. मुलांनी त्या दिवशी हक्कांबद्दल काहीतरी मांडायचं आहे आणि मागची भिंत त्यासाठी मोकळी केली आहे. तिच्यावर फोटो लावावेत की नुसती वाक्यं, हे मला ठरवता येत नाहीये. दोन्ही करून पाहिलं. काय झालं ते नीट सांगते, म्हणजे तुम्हाला सल्ला देता येईल.

आधी फोटोंचा तास. एका संस्थेकडून शाळेला संच मिळाला होता. १२ मोठे रंगीत फोटो, लॅमिनेट केलेले. वीटभट्टीवरची मुलगी, कचरा वेचणारी दोन भावंडं, टपरीवर कपबश्या विसळणारा मुलगा, असे. वर्गात दोरी बांधून मी ते चिमट्यांनी टांगले आणि विचारलं, काय दिसतंय?

वर्ग एकदम बोलायला लागला. एक मुलगा जूनमध्ये बिहारहून आलाय, त्याला मराठी वाचन अजून जड जातं, तोही उठून दोरीपाशी गेला. तिघंजण जोडाक्षरांवर अडतात, तेही बोलत होते. मला फार बरं वाटलं. पण मुलं काय म्हणत होती ते मी फळ्यावर लिहीत गेले आणि हळूहळू माझा हात थांबला. ‘गरीब मुलगा’. ‘बिच्चारी’. ‘त्यांना शाळेत घातलं पाहिजे’. ‘आपण त्यांना जुनी दप्तरं देऊ’. हक्क हा शब्द एकानेही काढला नाही. सगळं दुसऱ्या कुणाबद्दल होतं, आणि सगळं देण्याबद्दल होतं.

मग कोणीतरी टपरीवरच्या मुलाकडे बोट दाखवून म्हणालं, “बाई, हा सेम आपल्या अमक्यासारखा!” (नाव लिहीत नाही.) आख्खा वर्ग मागे वळला. आमच्या वर्गातला एक मुलगा संध्याकाळी काकाच्या वडापावच्या गाडीवर असतो. लसूण सोलतो, पावाला काप देतो. मला माहीत होतं. वर्गातल्या निम्म्यांना माहीत होतं, आणि त्या दिवसापर्यंत ती साधी गोष्ट होती. उलट, काका कधीकधी चुरापाव देतो म्हणून त्याला भाव होता. एका फोटोने तो ‘बिच्चारा’ झाला. त्याने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही. पुढचे दोन दिवस तो आला नाही. हे माझ्या हातून झालं. फोटो टांगायच्या आधी मी वर्गातल्या एकेका चेहऱ्याचा विचार करायला हवा होता, तो केला नाही.

पुढच्या आठवड्यात फोटो कपाटात ठेवले आणि फळ्यावर एकच वाक्य लिहिलं. संहितेतलं ३१ वं कलम, माझ्या शब्दांत: प्रत्येक मुलाला विश्रांतीचा, फुरसतीचा आणि खेळण्याचा हक्क आहे. मोठ्याने दोनदा वाचलं.

पहिली पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. माझी खात्रीच झाली की तास गेला. मग एका मुलीने विचारलं, “बाई, फुरसत म्हणजे काय?” मी म्हटलं, ज्या वेळेत तुला कोणी काही काम सांगत नाही तो वेळ. ती विचारात पडली. त्यांच्याकडे वस्तीत पाणी साडेतीनला येतं. शाळा सुटली की जेवायचं, पाणी भरायचं, मग धाकट्या भावाला आणायला बालवाडीत, मग ट्यूशन. ती बोटांवर मोजत राहिली आणि शेवटी म्हणाली, “रविवारी. पण रविवारी पाणी सकाळी येतं.” त्यावर दुसरा म्हणाला, “आमच्या बिल्डिंगमध्ये खाली लिहिलंय, मुलांनी येथे खेळू नये. आणि तुम्ही फळ्यावर हे लिहिलंय. मग खरं कुठलं?”

त्या प्रश्नावर उरलेला तास गेला आणि मधली सुट्टीही गेली. काकाच्या गाडीवर जाणारा मुलगाही बोलला. म्हणाला, त्याला गाडीवर आवडतं, फक्त शनिवारी नको वाटतं, कारण शनिवारी मॅच असते. वाक्यात कोणाचा चेहरा नव्हता, म्हणून तिथे स्वतःला उभं करायला जागा होती, असं मला वाटतं.

पण ते तिघं आणि बिहारहून आलेला मुलगा, हे चौघं त्या तासाला जवळजवळ गप्प होते. ते माझ्या मनातून जात नाही. भिंतीवर नुसती वाक्यं लावली तर ती भिंत त्यांची नसेल. आणि कितीतरी पालकही अडखळत वाचतात. शिवाय वाक्यांची मला दुसरीही भीती आहे. प्रतिज्ञा मुलं रोज म्हणतात, खणखणीत म्हणतात, पण ‘त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता’ म्हणजे काय असं विचारलं तर एकमेकांकडे बघतात. हक्कांचंही तसं पाठांतर झालं तर?

ज्यांनी मुलांसोबत असं काही केलंय त्यांनी लिहा. बारा दिवस आहेत.

---

लालबागचा_कॅमेरा · ९ नोव्हेंबर, सकाळी ७.१५

बाई, मी ३१ वर्षं वर्तमानपत्रासाठी फोटो काढले. त्यामुळे फोटोची बाजू घेणार हे उघड आहे, पण तुमचा अनुभव वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून जरा मागून सुरुवात करतो.

लुईस हाइन नावाचा माणूस अमेरिकेत १९०८ पासून राष्ट्रीय बालकामगार समितीसाठी फोटो काढत फिरला. मुळात तोही शिक्षकच. गिरण्यांत आणि खाणींत त्याला शिरू देत नसत, तेव्हा कधी बायबल विकणारा तर कधी विम्याचा एजंट बनून आत जायचा. मुलाच्या शेजारी उभं राहून आपल्या कोटाच्या कितव्या गुंडीपर्यंत ते पोचतं त्यावरून उंची ताडायचा आणि खिशात हात घालून आतल्या आत टिपून ठेवायचा. वय, काम, मजुरी हे सगळं त्याच्या फोटोंखाली असे. मालक म्हणत, आमच्याकडे लहान मुलं नाहीतच. त्यांना खोटं पाडायला फोटो लागला. तरी तिथे देशभर टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं.

आता तुमच्या मुद्द्याचं. हे फोटो कोणासाठी होते? खासदार, मतदार, वर्तमानपत्र वाचणारी शहरी माणसं, ज्यांच्या हातात काही बदलणं होतं आणि जे बघायला तयार नव्हते त्यांच्यासाठी. ज्या मुलांचे ते फोटो होते त्यांना ते दाखवून काय शिकवणार? त्यांना रोज माहीत होतं. तुम्हाला मिळालेला संचही बहुधा देणगीदार डोळ्यांसमोर ठेवून केलेला असावा. तो तुमच्या पाचवीत टांगला की मुलं देणगीदारासारखी बोलायला लागतात. ‘जुनी दप्तरं देऊ’ हे वाक्य त्यांचं नाही, फोटो ज्याच्यासाठी काढला त्याचं आहे.

आणखी एक सांगतो. एग्लंटाइन जेब ही बाई १९१९ साली लंडनच्या ट्रफाल्गर चौकात पत्रकं वाटत होती. पहिलं महायुद्ध संपलं तरी शत्रुराष्ट्रांची नाकेबंदी उठली नव्हती आणि ऑस्ट्रियातली मुलं उपाशी मरत होती. पत्रकावर तशाच एका मुलाचा फोटो होता. तिला अटक झाली, पाच पौंड दंड झाला. त्याच वर्षी ‘सेव्ह द चिल्ड्रन’ संस्था उभी राहिली. आणि पाच वर्षांनी, १९२४ मध्ये, राष्ट्रसंघाने बालहक्कांचा पहिला जाहीरनामा स्वीकारला, त्याचा मसुदा ह्याच बाईचा. पाच छोटी कलमं. भुकेल्या मुलाला खायला मिळालं पाहिजे, आजारी मुलाची शुश्रूषा झाली पाहिजे, अशा भाषेत. एकच बाई, पैसे उभे करायला फोटो घेऊन चौकात गेली आणि हक्क मांडायची वेळ आली तेव्हा साधी वाक्यं लिहायला बसली.

आमचं घर गिरणगावातलं. आजोबा कापडगिरणीत साचेवाले होते. १८८१ च्या कारखाना कायद्याने आपल्याकडे सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आली, आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी दिवसाला नऊ तासांची मर्यादा. नऊ तास, सात वर्षांच्या मुलाला, आणि ही सुधारणा. इतकी वर्षं फोटो काढले, पण ह्या दोन आकड्यांनी मला जे केलं ते माझ्या कुठल्याही फोटोने कोणाला केलं असेल असं वाटत नाही. तुमची मुलं दहा वर्षांची आहेत ना? त्यांना हे आकडे सांगा.

---

वकील_कुर्ला · ९ नोव्हेंबर, दुपारी १.५०

टपरीवरच्या मुलाचा फोटो घेऊ. बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं आता सरसकट बेकायदा आहे, पण शाळेनंतर किंवा सुट्टीत कुटुंबाला किंवा कुटुंबाच्या धंद्यात मदत करायला, काम धोकादायक नसेल तर, मुभा आहे. कुटुंबाच्या व्याख्येत काका, मामा, आत्या, मावशीही येतात. म्हणजे तुमच्या वर्गातला मुलगा काकाकडे संध्याकाळी लसूण सोलतो ते कायद्यात बसतं, आणि फोटोतला मुलगा सकाळी दहाला मालकाकडे कपबश्या विसळत असेल तर मालक गुन्हेगार आहे. फोटोत दोघं अगदी सारखे दिसतील. मालक की काका, शाळेआधी की नंतर, हे कुठल्याच फोटोत दिसत नाही. ते शब्दांनीच सांगावं लागतं. ही सवलत नको होती असं माझं स्वतःचं मत आहे, तिच्या आडून बरंच चालतं, पण तो वेगळा विषय.

दुसरं, त्या १२ फोटोंतली मुलं खरी आहेत. त्यांना कोणी विचारलं होतं का? संहितेतलं १६ वं कलम मुलाच्या खाजगीपणाचं आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ नुसार चौकशी, तपास किंवा न्यायालयीन प्रक्रियेच्या बातमीत मुलाची ओळख पटेल असं काही, फोटोसुद्धा, छापता येत नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पॉक्सोच्या कलम २३ मध्येही ओळख उघड करायला मनाई आहे. तुमचा संच ह्या कलमांत येतो असं मी म्हणत नाही. पण कायद्याने जो विचार बातमीदारासाठी केला, तो शिक्षकाने फळ्यापुढे का करू नये?

भिंतीवर एक वाक्य मात्र मोठ्या अक्षरात असू द्या: १०९८. हा मुलांच्या मदतीचा नंबर १९९६ मध्ये आपल्या मुंबईतच सुरू झाला. फुकट लागतो, रात्रीही. आकडे वाचता न येणारं मूल पाचवीत नसेल.

---

ठिपके_वाचणारी · ९ नोव्हेंबर, रात्री ९.०५

मी अंध मुलींना शिकवते, दादरला. आमच्याकडे हा प्रश्न वेगळ्याच बाजूने येतो, म्हणून थोडं लिहिते.

मागे कोणीतरी आमच्या शाळेलाही असाच संच दिला. मदतनीस ताई एकेक फोटो हातात घेऊन मुलींना सांगू लागल्या, “ह्यात एक गरीब मुलगी आहे, तिच्या डोक्यावर विटा आहेत.” सातवीतली एक मुलगी म्हणाली, “गरीब आहे हे तुम्हाला कसं कळलं? कुठे लिहिलंय?” ताई फोटोकडे बघत बसल्या. फ्रॉक मळका होता, पाय अनवाणी होते, एवढंच होतं त्यात.

तेव्हापासून मी डोळस मुलांच्या शिक्षकांनाही एक करून बघायला सांगते. फोटो वर्गाला दाखवायच्या आधी तो न दाखवता तोंडी सांगून पाहा. किती गोष्टी दिसतात आणि किती आपण आपल्या पदरच्या घालतो ते लगेच कळतं. नंतर दाखवा हवं तर.

आणि तुमच्या त्या तिघांसाठी: वाक्य त्यांना वाचायला का लावता? ऐकवा. चालीवर, टाळीवर, जसं जमेल तसं. आमच्या मुलींना आख्खं ३१ वं कलम पाठ आहे आणि त्याचा अर्थही पाठ आहे, कारण प्रत्येक शब्दावर आम्ही भांडलो आहोत. पाठांतराला घाबरू नका. न भांडता केलेल्या पाठांतराला घाबरा.

---

वडाळा_पूर्व · १० नोव्हेंबर, रात्री १२.३०

मी इथे सहसा लिहीत नाही, वाचतो फक्त.

मी नऊ वर्षांचा असताना माझा फोटो निघाला होता. रविवार होता, सार्वजनिक नळावर रांग होती, मी बनियनवर हंडा घेऊन उभा होतो. दोन माणसं कॅमेरा घेऊन आली, हसू नको म्हणाली, काढला फोटो. आई बाजूलाच होती, तिला वाटलं पेपरात येणार.

नंतर कॉलेजात असताना एका कार्यालयात भिंतीवर कॅलेंडर दिसलं. ऑगस्ट महिन्यावर मी. खाली लिहिलं होतं, शाळेत जाणं हे ह्याचं स्वप्न आहे.

मी तेव्हा चौथीत होतो. वर्गात दुसरा नंबर. त्या वर्षी स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसलो होतो, आणि आई पहाटे चारला उठून डबे करायची ते माझ्या क्लासच्या फीसाठी. त्या एका ओळीने माझी शाळा पुसली आणि आईचे डबे पुसले.

वर सगळे फोटोला दोष देत आहेत. माझा फोटो खोटा नव्हता, काका. मी होतो, हंडा होता, नळ होता. खोटी होती ती खालची ओळ. बाई, तुम्ही फोटो लावा नाहीतर वाक्यं लावा, पण कोणाच्याही फोटोखालची ओळ दुसऱ्याला लिहू देऊ नका.

आईला मी ते कॅलेंडर कधी दाखवलं नाही.

---

लालबागचा_कॅमेरा · १० नोव्हेंबर, सकाळी ६.५०

वडाळा, तू म्हणतोस ते खरं आहे. फोटोंच्या ओळी कित्येकदा मीच ऑफिसात बसून लिहिल्या आहेत, आणि ज्यांचे फोटो होते त्यांना फोन करून विचारल्याचं मला आठवत नाही.

---

पाचवीच्या_बाई · १८ नोव्हेंबर, रात्री ११.२०

सगळ्यांचे मनापासून आभार. वडाळा_पूर्व, तुमचा प्रतिसाद मी आमच्या स्टाफरूममध्ये वाचून दाखवला. दोघीतिघींनी डोळे पुसले. संच परत पाठवला, सोबत चार ओळींचं पत्र दिलं.

काय चाललंय ते सांगते. आधी लालबागच्या काकांचे आकडे सांगितले. सात वर्षं, नऊ तास. कोणी ‘बिच्चारा’ म्हटलं नाही. मुलं घड्याळ काढून मोजायला लागली, सकाळी सातला गेलो तर कधी सुटणार, मधे जेवायला सुट्टी होती का. पहिलीतल्या भावाला नेऊन उभं केलं असतं तर, असं एक मुलगी म्हणाली आणि गप्प बसली.

मग संहितेतल्या आणि शिक्षणहक्क कायद्यातल्या २० गोष्टी सोप्या मराठीत पट्ट्यांवर लिहिल्या आणि एका डब्यात घातल्या. त्यात शिक्षणहक्क कायद्याचं १७ वं कलमही घातलं, मुलांना मारायचं नाही आणि मनाला लागेल असा त्रासही द्यायचा नाही, ते. (ही पट्टी वाचल्यावर वर्गाने माझ्याकडे पाहिलं. फोटोंच्या तासाला काय झालं त्याबद्दल मी त्या मुलाची वर्गासमोर माफी मागितली.) पट्ट्या मी आधी वाचून दाखवल्या, टाळीवर म्हणून घेतल्या, शब्दाशब्दावर भांडलो. ‘अधिकार’ नको ‘हक्क’ हवा, हे बहुमताने ठरलं, कारण अधिकारी साहेब असतात.

मग माझा फोन दिला. दोन नियम: कोणाचा चेहरा नको, आणि कोणाच्या घरातलं काही काढायचं तर आधी विचारायचं. पाच-पाच जणांचे गट करून शाळा सुटल्यावर वस्तीत फिरलो. चार दिवस लागले. जोडाक्षरांवर अडणाऱ्यांपैकी एक मुलगी सगळ्यात सुंदर फोटो काढते, हे मला पाचवी निम्मी होईपर्यंत माहीत नव्हतं. तिने बिल्डिंगखालचा ‘मुलांनी येथे खेळू नये’ हा बोर्ड काढलाय, आणि फोटोच्या खालच्या कडेला जमिनीवर खडूने आखलेली लंगडीची घरं आली आहेत. ती मुद्दाम आली आहेत, तिने वाकून काढलाय. बिहारहून आलेल्या मुलाने सार्वजनिक नळापुढे ओळीने ठेवलेल्या कळश्या काढल्या आणि ओळ हिंदीत सांगितली, आम्ही दोन्ही भाषांत लिहिली. खाली कोणी काय लिहायचं ते ज्याने फोटो काढला त्याने ठरवायचं, पट्टीही त्यानेच निवडायची. नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याने काळेपांढरे फोटो काढून दिले. भिंत परवाच्यासाठी तयार आहे. १०९८ दाराजवळ लावलाय, मुलांच्या उंचीवर.

काकाच्या गाडीवर जाणाऱ्या मुलाने गाडीचाच फोटो काढला. संध्याकाळचा, तेल तापायच्या आधीचा. बाजूच्या खिळ्याला त्याचं दप्तर अडकवलंय ते दिसतं. मी त्याच्यासाठी खेळाच्या हक्काची पट्टी बाजूला काढून ठेवली होती, शनिवारच्या मॅचमुळे. त्याने डबा मागितला, सगळ्या पट्ट्या टेबलावर पसरल्या, बराच वेळ बघत बसला आणि १२ व्या कलमाची उचलली: माझ्याबद्दल काही ठरवताना माझं म्हणणं ऐकून घ्या.

खेळाची पट्टी मी परत डब्यात टाकली. काकाला निरोप त्याने स्वतःच दिलाय, २० तारखेला साडेअकराला, गाडी लावायच्या आधी ये म्हणून.